थांबलेले तीन आठवडे : बेलरचा २०२०–२१चा हंगाम

अमेरिकेतील टेक्सास राज्यात वेको नावाचे शहर आहे. तेथील बेलर विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाने २०२०–२१च्या हंगामात ३० सामने खेळले आणि २८ जिंकले. ५ एप्रिल २०२१ रोजी इंडियानापोलिस येथे अंतिम सामन्यात गॉन्झागाला ८६–७० असे हरवून या संघाने विद्यापीठाला पुरुष बास्केटबॉलमधील पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. हा हंगाम कोरोना महासाथीच्या ऐन भरात पार पडला. तो भरवणे योग्य होते का, यावर तेव्हा प्रशिक्षकांत, विद्यापीठांत आणि घराघरांत वाद झाला, आणि विजेतेपदामुळे तो मिटला नाही.

आपल्याकडील शास्त्रचर्चेत आधी पूर्वपक्ष मांडतात, मग उत्तरपक्ष. येथे पूर्वपक्ष म्हणजे हा हंगाम भरवायला नको होता किंवा निदान पुढे ढकलायला हवा होता असे मानणारे. उत्तरपक्ष म्हणजे तो भरवला हेच बरे झाले असे मानणारे. दोन्ही पक्षांपुढे घटना त्याच आहेत.

या घटनांची सुरुवात एक वर्ष आधी होते. २०१९–२०च्या हंगामात बेलरने सलग २३ सामने जिंकले, पाच आठवडे देशात पहिला क्रमांक राखला आणि २६ विजय, ४ पराभव अशी कामगिरी घेऊन संघ मार्चमध्ये पोहोचला. ११ मार्च २०२० रोजी एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधील खेळाडू रूडी गोबेर कोरोनाबाधित आढळला आणि एनबीएने हंगाम थांबवला. दुसऱ्याच दिवशी महाविद्यालयीन खेळांची नियामक संस्था एनसीएए हिने राष्ट्रीय स्पर्धा रद्द केली. १९३९ मध्ये सुरू झालेली पुरुषांची ही स्पर्धा दुसऱ्या महायुद्धातही भरली होती. ती रद्द होण्याची ही पहिलीच वेळ होती.

उत्तरपक्ष : वाद समजून घ्यायचा तर त्या मार्चपासूनच घ्यावा. फ्रेडी गिलेस्पी आणि डेव्हॉन्टे बँडू हे बेलरचे शेवटच्या वर्षाचे खेळाडू होते. त्यांचे महाविद्यालयीन खेळणे एका दुपारी, एका पत्रकाने संपले. एनसीएएने वसंत ऋतूत खेळणाऱ्यांना, म्हणजे बेसबॉल, अॅथलेटिक्स यांच्या खेळाडूंना, खेळण्याचे एक वर्ष वाढवून दिले. बास्केटबॉलचा हंगाम जवळजवळ संपलेला असल्याने या खेळाडूंना ते मिळाले नाही. महाविद्यालयीन खेळाडूच्या हातात चार हंगाम असतात. त्यातला एक गेला की तो परत येत नाही. दुसऱ्या वर्षीही तेच करणे म्हणजे मुलांच्या आयुष्यातून आणखी एक हंगाम काढून घेणे होते.

पूर्वपक्ष : हानी खरी आहे, ती नाकारता येत नाही. पण स्पर्धा रद्द झाल्याने आणखी कोणाची हानी झाली, तेही पाहावे. दूरचित्रवाणीच्या हक्कांचे पैसे बुडाले, विम्यातून सुमारे २७ कोटी डॉलर हाती आले, आणि पहिल्या विभागातील विद्यापीठांना वाटायची रक्कम ६० कोटींवरून साडेबावीस कोटी डॉलरवर आली. सलग दुसऱ्या वर्षी हा फटका सोसायची कोणाचीच तयारी नव्हती. खेळाडूंच्या एका हंगामाची काळजी आणि संस्थेच्या तिजोरीची काळजी या वेळी एकाच दिशेने वाहत होत्या. त्यामुळे निर्णय नेमका कोणत्या काळजीतून झाला, हे विचारायलाच हवे.

उत्तरपक्ष : विचारावे. पण पैशाचे नाव काढले की हेतू मलिन ठरतो, असे नाही. याच पैशावर विद्यापीठांचे पोहणे, कुस्ती, धावणे असे दुसरे खेळ चालतात. २०२०च्या उन्हाळ्यात आणि पुढच्या काही महिन्यांत अनेक विद्यापीठांनी असे संघ बंद केले. त्या मुलांचेही खेळणे संपलेच.

सप्टेंबर २०२० मध्ये हंगामाचा आराखडा ठरला. १० नोव्हेंबरऐवजी सुरुवात २५ नोव्हेंबरला करायची, म्हणजे थँक्सगिव्हिंगच्या सुमारास, जेव्हा बहुतेक विद्यार्थी घरी गेलेले असतात आणि विद्यापीठाचा परिसर रिकामा होतो. सामन्यांची कमाल संख्या चारने कमी केली. राष्ट्रीय स्पर्धेसाठी विचार व्हायला किमान १३ सामने पुरेसे ठरवले. खेळाडू, प्रशिक्षक आणि त्यांच्या सतत जवळ असणारे कर्मचारी यांचा एक गट मानून त्यांची हंगामात आठवड्यातून तीनदा चाचणी करावी, अशी शिफारस झाली. ऑगस्टमध्येच असा नियम झाला होता की ज्याला भीती वाटते त्याला न खेळण्याची मुभा राहील. त्याची शिष्यवृत्ती काढून घेता येणार नाही. ऑक्टोबरमध्ये हिवाळी खेळांच्या सर्व खेळाडूंना एक जादा वर्ष मिळाले. १२ नोव्हेंबरला मात्र हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांच्या आयव्ही लीगने आपले हिवाळी खेळ रद्दच करून टाकले.

पूर्वपक्ष : शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. ज्या विद्यापीठांचा संसार बास्केटबॉलच्या पैशावर चालत नाही, त्यांना थांबणे जमले. बास्केटबॉल बंद सभागृहात खेळतात. ९४ फूट लांब आणि ५० फूट रुंद मैदानावर दहा जण धापा टाकत, एकमेकांना खेटून चाळीस मिनिटे धावतात. हवेतून पसरणाऱ्या आजाराला याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही. अनुभवी प्रशिक्षक रिक पिटिनो यांनी नोव्हेंबरमध्येच सुचवले होते की हंगाम उशिरा सुरू करावा आणि राष्ट्रीय स्पर्धा मार्चऐवजी मे महिन्यात घ्यावी. ते ऐकले असते तर काय झाले असते, हे कल्पनेवर सोडायची गरज नाही. टेक्सासमध्ये २९ मार्च २०२१ पासून सर्व प्रौढांना लस खुली झाली. स्पर्धा मे महिन्यात असती तर बेलरचा प्रत्येक खेळाडू निदान एक मात्रा घेऊन उतरू शकला असता.

उत्तरपक्ष : नोव्हेंबर २०२० मध्ये हे कोणाला ठाऊक होते? अमेरिकेत पहिल्या लशीला परवानगीच ११ डिसेंबरला मिळाली. लस कधी पोहोचेल, नवा विषाणू येईल का, मे महिना मार्चपेक्षा बरा असेल की वाईट, यातले काहीच हातात नव्हते. निकाल माहीत झाल्यावर मागे वळून केलेला हिशेब नेहमीच स्वच्छ दिसतो.

हा आक्षेप दोन्ही बाजूंना लागू पडतो. बेलर जिंकले म्हणून हंगाम योग्य होता, असेही मग म्हणता येत नाही. दोन्ही पक्षांना त्या त्या दिवशी उपलब्ध असलेल्या माहितीवरच बोलावे लागते, आणि म्हणूनच हंगामाचा क्रम बारकाईने पाहणे आवश्यक ठरते.

हंगाम सुरू होण्याआधीच बेलरचे मुख्य प्रशिक्षक स्कॉट ड्रू बाधित आढळले. पहिल्या स्पर्धेतून संघाने माघार घेतली आणि सुरुवात लास व्हेगासमध्ये केली. २ डिसेंबरला इंडियानापोलिसमध्ये इलिनॉयला ८२–६९ असे हरवले. तीन दिवसांनी त्याच शहरात गॉन्झागाशी सामना होता. गॉन्झागा देशात पहिल्या क्रमांकावर, बेलर दुसऱ्या. गॉन्झागाचा एक खेळाडू आणि एक कर्मचारी बाधित आढळल्याने सामना सुरू व्हायला सुमारे दीड तास उरला असताना तो रद्द झाला. याच सुमारास ड्यूक विद्यापीठाचे प्रशिक्षक माइक शशेव्हस्की यांनी हंगामाचा फेरविचार व्हावा असे जाहीरपणे म्हटले, आणि ड्यूकने लीगबाहेरचे, म्हणजे ठरावीक विद्यापीठांच्या आपसातल्या साखळीबाहेरचे, उरलेले सामने सोडून दिले. २५ डिसेंबरला ड्यूकच्या महिला संघाने पूर्ण हंगामच थांबवला.

बेलर मात्र जिंकत राहिले. डेव्हियन मिचेल प्रतिस्पर्ध्याच्या चेंडू आणणाऱ्या खेळाडूला अर्ध्या मैदानापासून जखडून टाकी. जॅरेड बटलर, माकिओ टीग आणि राखीव फळीतून येणारा अॅडम फ्लॅगलर लांबून तीन गुणांच्या फेकी घेत. उंचीने फारसा नसलेला मार्क व्हायटल रिबाउंडसाठी उंच सेंटर खेळाडूंशी झुंजे. बटलर आणि टीग या दोघांनी २०२०च्या उन्हाळ्यात एनबीए ड्राफ्टसाठी, म्हणजे तिथल्या संघांकडून होणाऱ्या नव्या खेळाडूंच्या निवडीसाठी, नाव दिले होते आणि नंतर मागे घेतले होते. अपुरा राहिलेला मार्च पुरा करायचा, हे त्यांच्या परतण्यामागचे कारण संघात सर्वांना माहीत होते. २ फेब्रुवारी २०२१ रोजी टेक्सास विद्यापीठाला ८३–६९ असे हरवले तेव्हा बेलर १७ सामने खेळून अपराजित होते.

त्यानंतर संघ तीन आठवडे मैदानावर उतरला नाही. बाधितांमुळे आणि त्यांच्या निकट संपर्कामुळे एकामागून एक सामने पुढे ढकलले गेले. तेव्हाच्या नियमांप्रमाणे बाधिताला दहा दिवसांचे विलगीकरण होते. सहा फुटांच्या आत पंधरा मिनिटे राहिलेला प्रत्येकजण निकट संपर्क समजला जाई आणि त्यालाही एकटे राहावे लागे. पंधरा जणांचा संघ एकत्र सराव करतो, एकत्र जेवतो, एकाच बसने जातो. एकाचा अहवाल आला की निम्मा संघ खोल्यांत बंद. बरा झालेला खेळाडूही लगेच धावू शकत नसे. हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका असल्याने डॉक्टर आधी हृदयाची तपासणी करत आणि मग टप्प्याटप्प्याने परतण्याची परवानगी देत. त्यातच फेब्रुवारीच्या मध्याला टेक्सासवर हिमवादळ आले. लाखो घरांची वीज गेली, नळांचे पाणी गोठले. वेकोही त्यातून सुटले नाही.

पूर्वपक्ष : हे तीन आठवडे म्हणजेच हंगाम भरवू नये याचा पुरावा. आठवड्यातून तीन चाचण्या, मुखपट्ट्या, बाकावर दूर दूर ठेवलेल्या खुर्च्या, इतके सगळे करूनही देशातल्या सर्वांत शिस्तबद्ध संघांपैकी एकात आजार शिरलाच. २२ फेब्रुवारीला अमेरिकेतल्या कोरोनामृत्यूंचा आकडा पाच लाखांवर गेला. दुसऱ्या दिवशी बेलर पुन्हा मैदानात उतरले. या दोन बातम्या शेजारी ठेवल्या की मन अस्वस्थ झाल्यावाचून राहत नाही.

उत्तरपक्ष : मन अस्वस्थ होतेच. पण तीन आठवड्यांचा अर्थ उलटा आहे. नियमांचा हेतू कोणी बाधित होऊ नये इतकाच नव्हता. बाधित झाला तर ते लगेच कळावे आणि साखळी तुटावी, हाही होता. अपराजित संघ, लीगचे विजेतेपद समोर, दूरचित्रवाणीवर सामने ठरलेले, आणि तरीही संघ थांबला. नियम कामाचे आहेत का, हे संघ थांबतो की नाही यावरून कळते. शिवाय हीच मुले हंगाम नसता तर कुठे असती? घरी किंवा भाड्याच्या खोल्यांत, मित्रांच्या घोळक्यात, आणि आठवड्यातून तीन चाचण्या कोणीच केल्या नसत्या.

पूर्वपक्ष : संघ थांबला, हे त्याचे श्रेय. पण थांबण्याची किंमत कोणी मोजली? २३ फेब्रुवारीला बेलरसमोर आयोवा स्टेट होते. त्या संघाने संपूर्ण हंगामात लीगमधला एकही सामना जिंकला नाही. त्यांच्याविरुद्ध बेलर कसेबसे ७७–७२ असे जिंकले. चार दिवसांनी कॅन्ससने त्यांना ७१–५८ असे हरवले. पाय जड झाले होते, बचावातली चपळाई गेली होती. आजारातून उठलेल्या वीस-एकवीस वर्षांच्या मुलांना आठवडाभरात दोन मोठे सामने खेळायला लावणे ही काळजी म्हणता येत नाही.

उत्तरपक्ष : ज्याला नको त्याला बाहेर राहण्याची मुभा होती, शिष्यवृत्तीला धक्का न लागता.

पूर्वपक्ष : कागदावर मुभा होती. बाहेर राहिलेल्याची संघातली जागा दुसऱ्याला मिळते, आणि एनबीएचे निवडकर्ते बाहेर बसलेल्याकडे पाहत नाहीत. मिचेल काय, बटलर काय, त्यांच्या घरांचे पुढचे आयुष्य या एका हंगामावर टांगलेले होते. अशा वेळी दिलेली मुभा घेता येण्याजोगी नसते.

या मुद्द्यावर उत्तरपक्षाकडे ठाम उत्तर नाही. खेळाडूंनी हंगाम स्वखुशीने खेळला, हे बहुतेकांच्या बाबतीत खरे आहे. त्याच वेळी नकाराची किंमत फार मोठी होती, हेही तितकेच खरे आहे. त्या काळाकडे पाहताना या दोन सत्यांपैकी एकच धरून चालणे चूक ठरेल.

पराभवानंतर बेलर सावरले. २ मार्चला वेस्ट व्हर्जिनियाला जादा वेळेत ९४–८९ असे हरवून संघाने लीगचे विजेतेपद पक्के केले. लीगचे विजेतेपद विद्यापीठाला १९५० नंतर प्रथमच मिळत होते. एरवी १८ सामन्यांची असणारी ही साखळी बेलरपुरती १४ सामन्यांत संपली. त्यातले १३ त्यांनी जिंकले. लीगच्या बाद स्पर्धेत ओक्लाहोमा स्टेटने त्यांना उपांत्य फेरीत हरवले.

राष्ट्रीय स्पर्धा एरवी देशभरातल्या डझनभर शहरांत विखुरलेली असते. या वर्षी ती इंडियाना या एकाच राज्यात भरवायचे जानेवारीत ठरले. संघ ६८, सामने ६७, आणि बहुतेक सामने इंडियानापोलिसमध्ये; काही वेस्ट लाफायेट आणि ब्लूमिंग्टन इथल्या विद्यापीठांच्या सभागृहांत. आयपीएलच्या २०२०च्या संयुक्त अरब अमिरातीतल्या हंगामामुळे ‘बायो-बबल’ हा शब्द मराठी वाचकाच्या ओळखीचा झाला. इंडियानापोलिसची व्यवस्था त्याच जातीची होती. येण्यापूर्वी सलग सात दिवस चाचणी निगेटिव्ह हवी. आल्यावर दोन चाचण्यांचे अहवाल येईपर्यंत प्रत्येकाने आपापल्या खोलीत राहायचे. मग रोज चाचणी. हॉटेलातून अधिवेशन केंद्रातल्या सरावाच्या मैदानांवर छपराखालच्या पुलांवरून जायचे आणि मोकळी हवा हवी तर जवळच्या बेसबॉलच्या मैदानावर फिरायचे. पाच निरोगी खेळाडू असले तरी संघ खेळू शकेल, असा नियम केला होता. प्रेक्षक कमाल २५ टक्के.

उत्तरपक्ष : आणि ही व्यवस्था टिकली. ६७ पैकी एकच सामना झाला नाही. व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठाच्या संघात अनेक बाधित आढळले, म्हणून २० मार्चला ओरेगनविरुद्धचा त्यांचा सामना काही तास आधी रद्द झाला.

पूर्वपक्ष : एकच, पण त्या संघाच्या मुलांना ते पुरेसे होते. सात दिवस नियम पाळून आलेली मुले सभागृहात पाऊल न ठेवता परत गेली. आणि व्यवस्था सर्वांसाठी सारखी नव्हती, हे तर त्याच आठवड्यात दिसले. महिलांची स्पर्धा टेक्सासमध्ये सॅन अँटोनियोला होती. ओरेगनची खेळाडू सेडोना प्रिन्स हिने १८ मार्चला एक चित्रफीत प्रसिद्ध केली. पुरुषांसाठी व्यायामाच्या साधनांनी भरलेले दालन आणि महिलांसाठी डंबेल्सची एक लहानशी मांडणी. पुरुषांची रोज पीसीआर चाचणी होत होती, महिलांची रोज अँटिजेन. महासाथीपासून संरक्षण देताना एकाच संस्थेने दोन वेगळी मापे वापरली. खेळाडूंची काळजी हाच हेतू असता तर ही दोन मापे का?

उत्तरपक्ष : ते चुकले, आणि त्याचे समर्थन करता येत नाही. पुढे एनसीएएने नेमलेल्या बाहेरच्या वकिलांच्या अहवालातही ही विषमता नोंदली गेली. पण त्यावरून पुरुषांची व्यवस्था वाईट ठरत नाही. महिलांनाही तीच द्यायला हवी होती, एवढेच ठरते.

पूर्वपक्ष : नियमांवरचा विश्वासही शेवटी डळमळीत होऊ लागला होता. बेलरच्याच महिला संघाच्या प्रशिक्षक किम मल्की यांनी, त्यांचा संघ बाहेर पडल्यावर, अंतिम चार संघांच्या चाचण्या थांबवाव्यात असे सुचवले. कोणीतरी बाधित निघेल आणि सामना जाईल, या भीतीपोटी चाचणीच करू नये, असा विचार जबाबदार माणसाच्या मनात येतो तेव्हा स्पर्धेने आरोग्यावर मात केलेली असते.

उत्तरपक्ष : सूचना आली, पण चाचण्या थांबल्या नाहीत.

मैदानावरची गोष्ट थोडक्यात सांगता येते. बेलरने हार्टफर्ड, विस्कॉन्सिन, व्हिलानोव्हा आणि आर्कान्सा यांना हरवले, उपांत्य फेरीत ह्यूस्टनला ७८–५९ असे नमवले. दुसऱ्या बाजूने गॉन्झागा ३१ विजयांनिशी, एकही पराभव न घेता आले होते. १९७६च्या इंडियाना संघानंतर अपराजित विजेता होण्याची संधी त्यांच्यासमोर होती. डिसेंबरमध्ये दीड तास आधी रद्द झालेला सामना एप्रिलमध्ये त्याच शहरात, लूकस ऑइल स्टेडियमवर, अंतिम सामना म्हणून झाला. बेलरने पहिले नऊ गुण घेतले आणि गॉन्झागाला एकदाही पुढे जाऊ दिले नाही. २२ गुण आणि ७ असिस्ट करणारा बटलर स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. कॅन्ससविरुद्ध गेलेली पायांतली चपळाई त्या रात्री पूर्णपणे परत आली होती, आणि बास्केटबॉल समजणाऱ्या कोणालाही तो बचाव पाहताना आनंद झाल्यावाचून राहिला नसेल.

खेळाडूंनी स्वतःही या वादात आपली बाजू मांडली. स्पर्धा सुरू होताना रटगर्सचा जिओ बेकर, मिशिगनचा आयझाया लिव्हर्स आणि आयोवाचा जॉर्डन बोहॅनन यांनी ‘आम्ही एनसीएएची मालमत्ता नाही’ अशा अर्थाची मोहीम समाजमाध्यमांवर चालवली. खेळायला त्यांचा विरोध नव्हता. ज्या स्पर्धेच्या प्रक्षेपणातून कोट्यवधी डॉलर येतात, त्या स्पर्धेतल्या खेळाडूला आपले नाव आणि छायाचित्र वापरून एक पैसाही मिळवता येत नाही, हा त्यांचा आक्षेप होता.

पूर्वपक्ष : महासाथीने हेच उघडे केले. विद्यार्थी वर्गात यायला धोका, म्हणून वर्ग ऑनलाइन. पण त्याच विद्यार्थ्यांनी विमानाने जाऊन खेळायचे. त्यांना विद्यार्थी म्हणायचे की कामगार, हा जुना प्रश्न होता. त्या हिवाळ्यात तो टाळता येईना.

उत्तरपक्ष : हे मान्य करायला हवे. पण हंगाम रद्द करून हा प्रश्न सुटला नसता. खेळाडूंचे म्हणणे देशाने ऐकले तेही स्पर्धा चालू होती म्हणूनच.

२१ जून २०२१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एनसीएए विरुद्ध ऑल्स्टन या खटल्यात शिक्षणाशी निगडित लाभांवरच्या एनसीएएच्या मर्यादा एकमताने रद्द ठरवल्या. १ जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावातून आणि छायाचित्रातून कमाई करण्याची मुभा मिळाली. त्यामुळे सर्वांना मिळालेल्या जादा वर्षाचे मोलही बदलले. बेलरमध्ये फ्लॅगलर आणि मॅथ्यू मेयर यांच्यासारखे खेळाडू थांबले आणि त्यांना नव्या नियमांखाली खेळता आले. बटलर, मिचेल, टीग आणि व्हायटल त्याआधीच विद्यापीठ सोडून गेले होते. जुलैअखेरच्या ड्राफ्टमध्ये मिचेलला सॅक्रामेंटोने नवव्या क्रमांकावर निवडले. बटलर चाळिसाव्या क्रमांकावर निवडला गेला आणि यूटाकडे गेला.